तांबडीचं अर्थिंग

२०२४ चा मार्च. दहावीची परीक्षा चालू होती आणि मला पर्यवेक्षक म्हणून चिपळूणपासून पंधरा-सोळा किलोमीटर आतल्या एका केंद्रावर दहाच्या आत पोचायचं होतं. साडेआठला डबा घेऊन खाली आले, गाडीत बसले, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. बस्स, तेवढंच.

दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आतला पंखासुद्धा जोरात. फक्त इंजिन ढिम्म.

गाडी २०१२ ची, पेट्रोलवर चालणारी लाल हॅचबॅक. घरात तिला तांबडी म्हणतात. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने तांबडीची मालकी माझी आणि दुखणीही माझी. तोपर्यंत माझं गाडीचं ज्ञान पेट्रोल भरणं, हवा बघणं आणि वर्षाला सर्व्हिसिंगला टाकणं, एवढंच होतं. वॉचमन, दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा अशा तिघांनी धक्का मारला. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीला वेग आला की क्लच झटकन सोडायचा. ड्रायव्हिंग शिकताना हे एकदा सांगितलं होतं, ते सुदैवाने आठवलं. फुरफुर करून तांबडी चालू झाली. केंद्रावर पोचले ती पावणेदहाला, आणि पहिलं काय केलं तर गाडी शाळेच्या उतारावर तोंड खाली करून लावली.

ही उतारावर लावायची सवय पुढे पाच महिने टिकली. चिपळूणला उतारांची वानवा नाही. पण बाजारात जायचं झालं तर मी आधी भाजी कुठे चांगली मिळेल ते बघायची नाही, उतार कुठे आहे ते बघायची. एका मैत्रिणीकडे जाणं मी चक्क टाळलं, कारण तिचं घर सपाटीला.

संध्याकाळी बॅटरीवाल्याकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीवरची तारीख वाचली आणि म्हणाला, "पुराच्या वेळची ना? तीन वर्षं होत आली. लाइफ संपलं हिचं." मीटर लावला तर १२.२. पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास दाखवायला हवं, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. जुनी परत देऊन चार हजार दोनशेला नवी घेतली. दुसऱ्या दिवशी तांबडी अर्ध्या चावीत चालू. मी नवऱ्याला फोनवर ऐटीत सांगितलं, "बॅटरी होती. बदलली."

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या तोंडावर, पुन्हा टक्.

या वेळी गॅरेजवाल्याने निदान केलं की सेल्फ गेला. चावी मारल्यावर इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला आपल्याकडे सगळेच सेल्फ म्हणतात, मीही म्हणते. त्याने सेल्फ खाली उतरवला, वायरमनकडे पाठवला, कार्बन बदलले, बुश बदलले, आतला स्विच साफ केला. अठराशे रुपये. काढलेले कार्बन त्याने मला हातावर ठेवून दाखवले. झिजलेले होते खरे. बारा वर्षांच्या गाडीचे झिजलेलेच असणार. पुन्हा महिनाभर सगळं छान.

जुलैत क्लच जड झाला. पाय दाबताना करकर लागायची आणि एकदोनदा बॉनेटमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. गॅरेजवाला म्हणाला, केबल सुकली. नऊशे रुपये देऊन केबल बदलली. हा खर्च मी 'गाडी चालू होत नाही' या खात्यात धरलाच नाही, कारण क्लचचा आणि त्याचा काय संबंध? संबंध होता, तो पुढे येईल.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस सुधारत होती. बॅटरी बदलली, सुधारली. सेल्फ उघडला, सुधारली. दोन वेगवेगळ्या औषधांनी एकच ताप थोडा थोडा उतरतोय, तर औषधांपेक्षा ती देताना आपण रुग्णाला कसं हलवतो तेही बघायला हवं. दोन्ही वेळा बॅटरीच्या वायरी सोडल्या होत्या, हलवल्या होत्या, पुन्हा आवळल्या होत्या. हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी देवाला नारळ बोलले होते.

ऑगस्टमध्ये कराडला आईला भेटायला गेले होते. परत येताना कोयनानगर मागे टाकून हेळवाकला चहाला थांबले. पाऊस असा की समोरच्या टपरीचं नाव वाचता येईना. त्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. थांबताना मी उतार शोधला होता, पण सगळ्या उतारांवर ट्रक उभे. म्हटलं, पाच मिनिटांत काय होतंय.

टक्.

टपरीवर एक भाजीचा पिकअप थांबलेला, पाटणकडून चिपळूणच्या बाजाराला निघालेला. ड्रायव्हर पंचविशीतला, डोक्यावर खताची पिशवी कापून केलेली खोळ. त्याने मला आधी एकच प्रश्न विचारला, जो गेल्या पाच महिन्यांत मला कोणीच विचारला नव्हता.

"ताई, सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत न्हाय, का सेल्फच फिरत न्हाय?"

मी म्हटलं, फिरतच नाही. नुसतं टक्.

"मग दिवं लावा आन् चावी मारा. दिवं मंद व्हत्यात का बघू."

मी हेडलाइट लावून चावी मारली. तो समोर पावसात उभा. दिवे जरासुद्धा मंद झाले नाहीत. तो मान हलवत आला. "बॅटरी न्हाय. बॅटरी मरत आसती तर दिवं पार पिवळं पडलं आसतं."

हे दोन प्रश्न म्हणजे खरं तर सगळ्या तपासाचा पाया आहे, म्हणून इथे जरा थांबते. 'गाडी चालू होत नाही' ही तक्रार एक असली तरी आजार वेगवेगळे असतात. सेल्फ घर्रघर्र नीट फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा बॅटरी आणि सेल्फ निर्दोष समजायचे आणि पेट्रोल, स्पार्क किंवा सेन्सरकडे वळायचं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते, तो पेट्रोलचा पंप. ती ऐकू आली नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत राहिलं तर गाडीने चावी ओळखलेली नाही. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या गाडीला हेच झालं होतं, म्हणजे सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही. शेवटी उंदराने इंजेक्टरच्या वायरी कुरतडल्याचं निघालं. त्यांची तोवर बॅटरी बदलून झाली होती. बॅटरी बदलणं हा आपल्याकडचा पहिला नवस आहे. उलट सेल्फच फिरत नसेल तर पेट्रोलकडे बघण्यात अर्थ नाही. मग बॅटरी, तिच्या वायरी, सेल्फ आणि त्याला हुकूम देणारा स्विच-रिले, एवढ्यातच चोर आहे. आणि टक् असा आवाज येतोय म्हणजे हुकूम पोचतोय. सेल्फमधला स्विच आत ओढला जातोय, पण मोटर फिरवायला लागणारी ताकद पोचत नाही.

पिकअपवाल्याकडे जंपर केबल होती. त्याने पिकअप तोंडाला तोंड लावून आणला. लाल चिमटा माझ्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा त्याच्या प्लसला, मग काळा त्याच्या मायनसला आणि माझ्या मायनसला. चावी मारली. टक्. नवी बॅटरी अधिक एक अख्खी पिकअपची बॅटरी, तरी टक्. त्याच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, आनंदच होता. आता म्हणाल वेडी आहे, पण चांगल्या कारागिराला आपला अंदाज खरा ठरताना होतो तो आनंद मी ओळखते. गणित सुटत आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर तोच असतो.

त्याने माझ्या बॅटरीवरचा काळा चिमटा काढला आणि इंजिनवर एक जाड लोखंडी हुक असतो, इंजिन उचलायला, त्याला लावला. "आता मारा."

तांबडी जणू पाच महिने काही झालंच नव्हतं अशी चालू झाली.

"आर्थिंग बघून घ्या," एवढं म्हणून तो निघाला. मी पैसे पुढे केले तर चहाचे तेवढे द्या म्हणाला. चिपळूणपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही. घाटात कुंभार्लीच्या धुक्यात पुढचं काही दिसत नसताना माझ्या डोक्यात मात्र पहिल्यांदा लख्ख उजेड पडत होता. अर्थिंग म्हणजे बॅटरीची काळी वायर, ती इंजिनाला जाऊन मिळते. त्याने चिमटा इंजिनाला लावून त्या वायरला वळसा घातला. वळसा घातल्यावर गाडी चालू झाली. म्हणजे अडथळा त्या वायरमध्येच.

दुसऱ्या दिवशी वायरमनकडे जाऊन मी हेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मीटर काढला, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाला लावलं. पीऽऽप. "बघा मॅडम, अर्थिंग ओके आहे. सेल्फचा आर्मेचर गेलाय. नवीन बसवू." नव्या सेल्फचा त्याने सांगितलेला आकडा पाच हजारांच्या पुढचा होता.

मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. नववीच्या 'धाराविद्युत' प्रकरणात ओहमचा नियम दर वर्षी फळ्यावर लिहिते. विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. मुलांकडून दहा-दहा उदाहरणं करून घेते. आणि मीटरच्या त्या पीप आवाजाने मी पाच मिनिटं खरंच गप्प बसले होते. घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं की तो पीप मला काय सांगतोय? साध्या मीटरचा तो आवाज रोध तीस-पन्नास ओहमच्या खाली असला की वाजतो. आणि सेल्फला लागते दीडशेच्या आसपास अँपिअर धारा. दीडशे अँपिअरच्या वाटेत एक दशांश ओहमचा अडथळा आला तर उत्तर किती? पंधरा व्होल्ट. बॅटरीच बाराची! म्हणजे तेवढी धारा त्या वाटेने वाहूच शकत नाही. एक दशांश ओहम ही गोष्ट त्या मीटरच्या हिशेबी शून्य, आणि सेल्फच्या हिशेबी भिंत. दिव्यांना, हॉर्नला, पंख्याला मोजके अँपिअर लागतात, त्यांना हा अडथळा जाणवतही नाही.

थोडक्यात, वायर निवांत असताना तिची परीक्षा घेऊन उपयोग नाही. तिच्यावर भार असताना घ्यायला हवी.

साडेतीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणला. रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, ओढणी कंबरेला घट्ट खोचलेली, कारण इंजिन चुकून चालू झालंच तर पंखा आणि बेल्ट समोरच असतात. आता चावी फिरवायला कोणीतरी हवं. घरात सासूबाई होत्या. वय ७४. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही.

"आई, मी 'मारा' म्हटलं की चावी पुढे फिरवायची, 'सोडा' म्हटलं की सोडायची."

"आणि गाडी पळाली तर?"

"न्यूट्रलला आहे, नाही पळणार."

"तुझा भरवसा आहे गं, गाडीचा नाही," असं म्हणून त्या देवाचं नाव घेत ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. पदर आवरून, ताठ, विमान उडवायला निघाल्यासारख्या.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंटांवर. निवांत असताना १२.५. 'मारा' म्हटल्यावर, टक् होत असताना, ११.९. हेच मुळात संशयास्पद. सेल्फ खरोखर जोर लावत असता तर बॅटरी दहा-साडेदहापर्यंत खाली यायला हवी होती. बॅटरीकडून कोणी फारसं काही मागतच नव्हतं. (बॅटरीच मेलेली असती तर ती साडेनऊच्याही खाली कोसळली असती.)

दुसरं माप प्लस वाटेचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरं सेल्फवर जिथे जाड लाल वायर येते तिथे. 'मारा.' ०.३. ठीक आहे. काही दशांश व्होल्ट वाटेत सांडायचेच.

तिसरं माप. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. निवांत असताना शून्य. 'मारा.'

६.८.

मी तिथेच उभी राहून हसायला लागले. 'सोडा' म्हणायचं विसरले. आतून आईंचा आवाज, "अगं सोडू का? बोट दुखलं माझं!"

काळ्या वायरच्या दोन टोकांत ६.८ व्होल्ट! चांगल्या वायरीला पाव व्होल्टसुद्धा फार. बॅटरीकडून निघालेल्या ११.९ पैकी लाल वाटेत ०.३ गेले, काळ्या वाटेत ६.८ गेले, बिचाऱ्या सेल्फच्या वाट्याला उरले ४.८. एवढ्यात तो टक् करतो हेच खूप. फळ्यावर मी हे गणित शेकडो वेळा सोडवलं असेल, पण उत्तराने असा हातात ठोसा कधी दिला नव्हता.

आईंना चहा करून दिला आणि बॅटरी काढायला घेतली. आधी मायनस सोडायचा, मग प्लस. उलटं केलं आणि प्लस सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ठिणग्या उडतात. दहाचा पाना, टर्मिनल सोडलं, बॅटरी बाहेर, खालचा प्लास्टिकचा ट्रे बाहेर. आता काळ्या वायरचा सगळा प्रवास दिसला. बॅटरीच्या मायनसवरून दोन वायरी निघतात. एक बारीक, ती बाजूच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला. एक जाड, ती खाली उतरून गिअरबॉक्सच्या एका बोल्टला. दिवे, हॉर्न यांची धारा बॉडीतून बारीक वायरने परत येते, म्हणून ते ठणठणीत. सेल्फ इंजिनावर बसलेला, त्याची सगळी मदार जाड वायरीवर.

आणि तिथेच क्लचच्या केबलचं कोडं सुटलं. जाड वायर अडली की सेल्फची धारा दुसरी वाट शोधते. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, पत्र्याला थेट टेकत नाही. मग इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं लोखंड कोणतं? क्लचची तार, ॲक्सिलरेटरची तार. सेल्फ मारताना ती धारा या तारांतून पळत होती. तारा तापत होत्या, बाहेरचं प्लास्टिक आतून वितळत होतं. करकर, जळका वास, जड क्लच. केबल सुकलेली नव्हती, भाजलेली होती.

बॅटरी लवकर उतरत होती त्याचंही कारण तेच. चालत्या गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटरही इंजिनावरच बसतो. बॅटरी भरायची तर त्याचीही धारा याच वाटेने फिरणार. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. त्या वायरीला हात लावण्याआधी सकाळी मी जंपर लावून गाडी चालू केली होती आणि मग चिमटे काढून मोजलं होतं, तेव्हा १३.१ होते. नवी बॅटरीसुद्धा रोज अर्धपोटी झोपत होती.

गिअरबॉक्सचा बोल्ट बारा नंबरचा. वंगणाचा फवारा मारून अर्धा तास ठेवला, मग सुटला. वायरच्या टोकाला जे चपटं कडं असतं, थिंबल म्हणतात त्याला, ते वरून हिरवट दिसत होतं, पण फार काही नाही. काढून उलटं केलं.

खालच्या बाजूला तांबूस-करड्या मातीचा पापड. नखाने खरवडला तर भुगा पडला. थिंबलच्या गळ्याशी जिथे तांब्याच्या तारा आत शिरतात तिथे तसाच गाळ, आणि आतल्या तारांची हिरवी पूड झालेली. वाकवली तर चारपाच तारा सोडून बाकी सगळ्या कटाकट तुटल्या.

ती माती ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. चिपळूणच्या कोणालाही लागणार नाही.

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेचना आणि २२ ला पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही गावात शिरल्या. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. आमची सोसायटी थोड्या चढाला, तरी पार्किंगमध्ये तांबडी बॉनेटच्या काठापर्यंत बुडाली. वीज नाही, फोन नाही, जिन्यावरून आम्ही तिच्या छपराकडे बघत बसलो होतो. पाणी ओसरलं आणि मागे उरला तो चिखल. लोणी लावल्यासारखा गुळगुळीत, तांबूस-करडा, वास असा की आठवडाभर जेवण जाईना. तो कपाटाच्या कुलपात होता, शिलाई मशीनमध्ये होता, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांत होता. पावसाळ्यात कोणतंही जुनं कपाट हलवलं की अजून निघतो. चावीला हात लावायचा नाही, एवढं मात्र मला कोणीतरी सांगितलं होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही आणि आतला दांडाच वाकतो. ते पाळलं म्हणून इंजिन वाचलं. गावातली गॅरेजंच पाण्याखाली गेलेली, त्यामुळे गाडी दोन आठवड्यांनी टो करून बाहेरगावी पाठवली. तिथे ऑइल दोनदा बदललं, सीटा काढून धुतल्या, कार्पेट फेकलं, नवी बॅटरी बसवली. बॅटरीच्या ट्रेखाली, एका बोल्टच्या मागे, एका कड्याच्या खाली चमचाभर गाळ राहिला. त्याने तीन पावसाळे सावकाश तांबं खाल्लं.

हेळवाकला मी ज्या पावसात उभी होते, तोही वाशिष्ठीशीच नातं सांगणारा. कोयना तशी पूर्वेला, कृष्णेला जाऊन मिळते. पण वीज करून झालेलं तिचं पाणी पोफळी-अलोऱ्याकडून खाली वाशिष्ठीत येतं. हे आपलं सुचलं म्हणून सांगितलं, गाडीशी याचा संबंध नाही.

वायर घेऊन ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. "अशीच, पंचवीस स्क्वेअर मिलिमीटरची, तांब्याची." त्याने मापाला कापली, दोन्ही टोकांना नवी थिंबलं दाबून बसवली, वर रबरी नळी आवळून दिली. साडेचारशे रुपये. घरी येऊन गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्टही घासला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट पूड होती, ती खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन पुसून कोरडी केली. सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवला, म्हणजे दमट हवा धातूपर्यंत पोचत नाही. कोकणात हे दर पावसाळ्याआधी करायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

"आई, या."

"परत?" पण आल्या. या वेळी चपला बाहेर काढून बसल्या.

मीटर काळ्या वाटेवर. 'मारा.' घर्र, आणि चालू. इतकी पटकन की मला आकडा नीट वाचताच आला नाही. बंद करून पुन्हा. ०.१५. बॅटरीच्या खुंटांवर सेल्फ फिरताना १०.४, म्हणजे आता सेल्फ खरोखर मागत होता आणि बॅटरी देत होती. इंजिन चालू ठेवून चार्जिंग बघितलं, १४.२. आई खिडकीतून डोकं काढून विचारत होत्या, "आता मी फिरवते म्हणून चालू होते, की आपोआप?"

हिशेब केला. बॅटरी ४२००, सेल्फ १८००, केबल ९००. एकूण ६९००. यातलं बॅटरीचं आणि कार्बनचं कधीतरी करावं लागणारच होतं, असं नवरा म्हणतो. बोटीवरून म्हणायला काय जातं. मीटर आणि वायर मिळून ८००. वायरमनला मी जाऊन सांगितलं, भांडायला नव्हे. त्याने तुटलेली वायर हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि मला ते माप कसं घ्यायचं ते पुन्हा एकदा विचारलं. मी त्याच्या दुकानात उभी राहून शिकवलं. गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणाला, "थांब रे, बाई शिकवतायत."

वर्तमानपत्रावर खरवडलेला गाळ आईंनी कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला.

जुनी वायर मी फेकली नाही. आता ती प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. परवा नववी 'ब'ला ती मीटरसकट दिली आणि म्हटलं, ही चांगली आहे की खराब, तपासून सांगा. पहिल्या बाकावरच्या मुलाने दोन टोकांना मीटरच्या पिना लावल्या. पीऽऽप.

"चांगली आहे, बाई."